मागचा ब्रेक

लॅबच्या ओळखपत्रावर त्यांचं पूर्ण नाव छापलेलं होतं, पण सकाळी सहाला उपाशीपोटी दार उघडणारा माणूस ओळखपत्र वाचत बसत नाही. तो तिथूनच आत ओरडतो, "अगं, रक्तवाले आले!" अठरा वर्षं घरोघर हेच चालल्यावर शेजारीपाजारीही त्यांना रक्तवालेच म्हणू लागले, तर आपणही तेच म्हणू. माणूस गरीब. सुई अशी टोचायचे की म्हाताऱ्या बायका "झालं? खरंच झालं?" म्हणत दंडाकडे बघत राहायच्या.

हात इतका स्थिर, आणि बाकीचा माणूस मात्र एका जागी ठरेल तर शपथ. जेवताना गुडघा हलायचा, बोलताना किल्ली बोटाभोवती गरगर फिरायची, टीव्ही बघताना हे उठून खिडकीत जाऊन यायचे. बायको म्हणायची, "अहो, टेबल हलतंय. पाणी सांडेल." गुडघा थांबायचा. पाच मिनिटांनी पुन्हा सुरू.

ह्या बेचैनीचं मूळ खाली जिन्याजवळ उभं असायचं. अकरा वर्षांची, शंभर सीसीची मोटरसायकल. कामावर जायची गाडी असते तशी: ना रूप ना रुबाब, थेंबभर पेट्रोलवर पळणारी. मागच्या कॅरिअरवर नमुन्यांची निळी पेटी बांधलेली, पेटीत बर्फाच्या पिशव्या आणि जांभळ्या, लाल, करड्या टोपणांच्या नळ्या. दिवसाला पंधरा घरं. एखाद्या घरी उपाशीपोटीचं रक्त घ्यायचं, मग दोन तासांनी जेवणानंतरचं घ्यायला पुन्हा तिथेच जायचं. अकरा वर्षांत गाडीने त्यांना एकदाही रस्त्यावर उभं केलं नव्हतं. हाच तर तिचा गुन्हा होता.

रक्तवाल्यांना साडेतीनशेची हवी होती. लांबरुंद, भारदस्त, सुरू केल्यावर छातीत वाजणारी. सहा वर्षं ही इच्छा त्यांनी पोटाशी धरली होती. आधी ती काळी होती, मग हिरवी झाली, मधे एक वर्ष तांबडी. दोन घरांच्या मधे वेळ मिळाला की हे एखाद्या झाडाखाली शंभरच्या सीटवर बसून फोनवर साडेतीनशेचे व्हिडिओ बघायचे. गावात तीन शोरूम होती. तिन्हीकडे त्यांनी गाडी चालवून बघितली होती, एका ठिकाणी दोनदा, दुसऱ्यांदा चष्मा बदलून. तिथली मुलगी आता त्यांना "बसा" म्हणायचीही नाही. हे आपले आत शिरून गाडीवरच बसायचे.

त्या गाडीवरून कुठे जायचं हे त्यांनी ठरवलेलं नव्हतं. कुठेतरी लांब. दर पाच मिनिटांनी कोणाची तरी बेल वाजवून "मूठ आवळा" म्हणावं लागणार नाही, इतकं लांब.

मग घेत का नव्हते? पैसे त्यांनी केव्हाच बाजूला काढून ठेवले होते. अडचण नानांची होती.

नाना म्हणजे त्यांचे वडील. कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर. घरात नानांनी घालून दिलेली एक रीत होती: चालू वस्तू बदलायची नाही. काही बिघडलं की ते नानांच्या टेबलावर नेऊन ठेवायचं. नाना चष्मा पुसणार, वस्तू उलटीपालटी करून बघणार आणि दोनपैकी एक शब्द बोलणार. "चालतंय", नाहीतर "गेलं". "गेलं" म्हटलं की दुसऱ्या दिवशी खुशाल नवं आणा. पण रक्तवाल्यांच्या लग्नाला तेवीस वर्षं झाली, तेवढ्यात नानांच्या तोंडून "गेलं" निघालं ते तीनदाच: एक छत्री, एक इस्त्री आणि एक भाडेकरू. पंखा करवतीसारखा ओरडायचा, तरी चालतंय. मिक्सरचं झाकण हाताने दाबून धरावं लागायचं, तरी चालतंय.

कोणी म्हणेल, चव्वेचाळीस वर्षांच्या घोड्याने बापाला विचारायचं कशाला? त्याला नाना माहीत नाहीत. नाना रागवायचे नाहीत, आवाजही चढवायचे नाहीत. ते फक्त त्या वस्तूकडे बघायचे नाहीत. जुना टीव्ही चालू असताना रक्तवाल्यांनी एकदा नवा आणला होता. नाना त्याच्याकडे पाठ करून दोन वर्षं बसले. बातम्या नुसत्या ऐकल्या. अशा माणसासमोरून रोज साडेतीनशेची किल्ली घेऊन बाहेर पडायचं, म्हणजे घरातल्या घरात गुन्हेगार होऊन राहायचं.

पण रीतीला एक पळवाट होती. चालू वस्तू टाकायची नव्हती, दुसऱ्याला द्यायला हरकत नव्हती. आणि दुसरं माणूस घरातच होतं.

त्यांची बायको एका दुकानासाठी शाळेचे गणवेश शिवायची. कापडाचे गठ्ठे काखेत मारून अर्धा तास चालत आणायचे, शिवून झाले की अर्धा तास चालत पोचवायचे. एका रविवारी रक्तवाले तिला म्हणाले, "ही गाडी तू घे. मी शिकवतो तुला."

"मी? गिअरची गाडी?" ती हसली. पण त्या दिवशी तिने तीनदा गॅलरीतून वाकून खाली गाडीकडे बघितलं.

शिकवणी सुरू झाली ती जुन्या गोदामामागच्या मोकळ्या आवारात. रक्तवाल्यांनी पहिल्याच दिवशी तिला ब्रेकचा मंत्र दिला. "हाताचा ब्रेक विसर. तो पुढच्या चाकाचा. नवशिक्याने तो जोरात आवळला की माणूस तोंडावर पडतो. थांबायचं म्हटलं की आधी पाय. काय?"

"आधी पाय," ती म्हणाली.

तिसऱ्या रविवारी गाडी सात वेळा बंद पडली. क्लच सोडताना तिचा हात घाई करायचा. रक्तवाल्यांचा धीर मुळातच चार आण्यांचा, तो सातव्यांदा संपला. "शिवणयंत्र आहे का हे? तुझ्याच्याने नाही व्हायचं!" ते इतक्या जोरात ओरडले की गोदामाच्या पत्र्यावरचे पारवे उडाले. ती उतरली. तिने शांतपणे गाडी स्टँडवर लावली, ओढणी सारखी केली आणि चालत घरी निघून गेली. रात्री जेवताना एवढंच म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. माझ्याच्याने नाही होणार."

रक्तवाल्यांना दोन दिवस लाज वाटली. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा झाडाखाली व्हिडिओ बघत होते.

आणि त्या झाडाखालीच त्यांच्या डोक्यात दुसरा विचार आला. जी टाकता येत नाही, देता येत नाही, ती मरू तर शकते! गाडी मेली की नाना "गेलं" म्हणणार. त्यासाठी काही करायची गरजच नव्हती. काही न करणं एवढंच करायचं होतं.

मग त्यांनी काहीच केलं नाही. इंजिनचं ऑइल बदललं नाही. चेनला तेल दाखवलं नाही. ती वाळलेल्या शेंगांसारखी वाजू लागली तेव्हा त्यांना गुदगुल्या झाल्या. दर रविवारी पुसायची गाडी, ती धुळीने राखाडी झाली. पंक्चर काढायला म्हणून एकदा गॅरेजवर गेले, तर मेकॅनिकने चाक बसवताना पायाचा ब्रेक दाबला आणि मान वर केली. हा मेकॅनिक दिवसाला चार शब्द बोलणारा माणूस.

"मागच्या ब्रेकचे लायनर संपलेत," तो म्हणाला. "पाय पूर्ण खाली जातोय. आत्ता टाकून देतो. अर्धा तास."

"पुढच्या आठवड्यात बघू."

"ब्रेक आहे तो साहेब. आरसा नाही."

"मी एकटाच तर चालवतो. पुढच्यावर भागवतो की!" रक्तवाल्यांनी किक मारली.

आणि खरंच भागवत होते. सिग्नल दिसला की आधीच गिअर खाली टाकायचा, पुढचा ब्रेक बेताने आवळायचा, शेवटी बूट घासत थांबायचं. गाडीची सगळी दुखणी त्यांना पाठ होती. ह्यात कोणाचं काही वाईट होईल असं त्यांच्या मनातही आलं नाही, आणि ही सबब नव्हे, खरीच गोष्ट आहे. ज्याला एकच वस्तू हवी असते त्याला दुसरं काही दिसत नाही.

दहा आठवडे असे गेले. आणि गाडी मरणाची लक्षणं दाखवू लागली! पूर्वी टाकी भरली की शुक्रवारी रिझर्व्हला लागायची, ती आता बुधवारीच लागायला लागली. रक्तवाले मनात म्हणाले, म्हातारी खचली. उजवा आरसा दर दोन-तीन दिवसांनी सकाळी खाली झुकलेला सापडायचा. तो वर करताना ते म्हणायचे, सांधे सैल झाले. एकदा जेवताना त्यांनी सहज सुचल्यासारखं करून खडा टाकून बघितला. "नाना, गाडी हल्ली पेट्रोल फार खातेय."

बायको एकदम पाणी आणायला उठली.

"चालतेय ना?" नाना म्हणाले आणि भाजी वाढून घेतली.

रक्तवाल्यांचा दिवस एक-दीडला संपायचा. नळ्या लॅबमध्ये टाकून घरी यायचं, जेवायचं आणि दोन ते चार झोपायचं. पहाटे साडेचारला उठणाऱ्या माणसाची झोप ती, दगडासारखी. दिवसभरात त्यांचा गुडघा फक्त त्या दोन तासांत थांबायचा. त्या दिवशी तीन वाजता फोन वाजला. बायकोचा नंबर, पण आवाज पुरुषाचा.

"पाण्याच्या टाकीवरचा पहारेकरी बोलतोय. तुमच्या बाई इथे पडल्यात. शुद्धीवर आहेत, घाबरू नका. गाडीवरून पडल्यात."

"कोणाच्या गाडीवरून?" रक्तवाल्यांनी विचारलं. मग गॅलरीत जाऊन खाली बघितलं. जिन्याजवळची जागा रिकामी होती.

ते तसेच स्लिपरवर पळाले. टाकीकडून येणारा रस्ता उताराचा, खाली काटकोनात वळण आणि वळणावर दगडी कुंपण. गाडी कुंपणाला तोंड लावून आडवी पडली होती. बायको पहारेकऱ्याच्या खुर्चीवर डावं मनगट उजव्या हाताने धरून बसली होती. गुडघ्यावर ओढणी बांधलेली आणि ओढणीतून रक्त आलेलं. रोज पंधरा माणसांचं रक्त बघणाऱ्या ह्या माणसाला त्या दिवशी त्या ओढणीकडे बघवेना. 

"रागवू नका," ती म्हणाली. "माझीच चूक झाली."

मग तिने सगळं सांगितलं. तीन महिने ती गाडी चालवत होती. आठवड्यातून तीन दुपारी, हे झोपले की. आधी आवारात एकटीच, मग टाकीपर्यंत, मग टाकीच्याही पुढे मोठ्या रस्त्यापर्यंत. तिथे थांबायचं, बाटलीतलं पाणी प्यायचं आणि परत. आरसा आपल्या उंचीला खाली करून घ्यायची, तो वर करायचा तेवढा राहून जायचा. "नीट आल्यावरच सांगणार होते तुम्हाला. दर वेळी इथून पहिल्या गिअरमध्ये इतकी हळू उतरते मी की ब्रेकची गरजच पडत नाही. आज मधेच कुत्रं आडवं आलं, ते चुकवताना वेग वाढला. मग वळणावर ब्रेक दाबला... म्हणजे दाबला असं मला वाटलं. पण दाबला नसेल. घाबरून भलतंच काही दाबलं असेल."

रक्तवाल्यांनी गाडी उचलली. कोणी बघत नाही असं पाहून पायाचा ब्रेक दाबला. तो विनातक्रार तळापर्यंत खाली गेला.

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. समोर बायको, हातात गाडी, पायाखाली पुरावा. पण रक्तवाले म्हणाले, "चल, आधी हाताचा फोटो काढून घेऊ." आणि रिक्षा शोधायला पळाले. पळायला त्यांना नेहमीच बरं वाटायचं.

मनगटाचं हाड चिरलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. गणवेशाच्या दुकानदाराने गठ्ठे दुसरीकडे दिले. "बरं वाटलं की या," असं म्हणाला, पण ते कसं म्हणाला हे तिलाही कळलं आणि ह्यांनाही. नानांना जिने उतरवत नव्हते. त्यांनी गॅलरीच्या कठड्यावर पोट टेकवून खाली बघितलं. पुढचा दिवा फुटलेला, हँडल वाकडं, पुढचं चाक एकीकडे तोंड करून. बराच वेळ बघून नाना आत आले आणि खुर्चीत बसले.

"गेलं," ते म्हणाले. "घे नवीन."

सुंठीवाचून खोकला गेला! सहा वर्षं ज्या शब्दासाठी झुरले तो शब्द न मागता घरी चालत आला होता. रक्तवाले दुसऱ्याच दिवशी शोरूममध्ये जाऊन आले. रंग ठरला, हिरवा. शनिवारी गाडी घरी. मुलीने विचारलं, "सर, बसून बघता?" ते बसले. तिथला मोठा आरसा समोर होता. त्यात त्यांना आपला गुडघा हलताना दिसला आणि ते पटकन उतरले.

घरी वेगळाच छळ चालला होता. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती पडल्याची गोष्ट सांगायची आणि प्रत्येक वेळी गोष्टीत स्वतःलाच फासावर चढवायची. शेजारीण म्हणाली, "ब्रेक नीट नसेल हो. जुनी गाडी ती." तर ही म्हणते, "नाचता येईना अंगण वाकडं, असं मी नाही म्हणायची. ते रोज चालवतात, त्यांना बरा लागतो ब्रेक! मलाच दाबता आला नाही." बहीण आली, तिला तेच. आईला फोनवर तेच. दुकानदाराला तेच. गाडी गॅरेजच्या आवारात नेऊन टाकली होती, तिथेही जाऊन मेकॅनिकला सांगून आली, "माझ्या हातून झालं हो." खाई त्याला खवखवे. रक्तवाले आतल्या खोलीत बसून हे सगळं ऐकायचे आणि बूट नसताना पाय जमिनीवर घासायचे. एकदा तर पहाटे एका आजोबांच्या हाताला पट्टा बांधून ते नुसतेच बसून राहिले. आजोबांनीच आठवण केली, "काढताय ना?"

ठरवायचे, आज सांगू. आणि मग वाटायचं, शनिवारपर्यंत थांबू. शनिवारी गाडी आली की सांगू. नाही, मनगट बरं झालं की सांगू. सहा वर्षं एक गोष्ट पुढे ढकलायची सवय झालेल्या माणसाला दुसरी ढकलायला काय लागतं?

शुक्रवारी संध्याकाळी तिने त्यांना हाक मारली. कागदांचा डबा तिच्या मांडीवर होता. एका हाताने तिने एक कार्ड पुढे केलं.

"हे जरा कात्रीने कापून टाका. मला एका हाताने कापवत नाही."

ते तिचं लर्निंग लायसन्स होतं. रक्तवाल्यांनी तारीख वाचली. "हे कधी काढलंस?"

"तुम्ही ओरडलात ना, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात. म्हटलं, होत नाही म्हणजे काय?" ती जराशी हसली. "परीक्षा घेणारा म्हणाला, बाई, सगळी उत्तरं बरोबर. जाऊ दे. कापा. समोर दिसलं की जीव जळतो उगाच."

कार्डावर तिचा फोटो होता. हनुवटी वर, ओठ घट्ट मिटलेले, नजर थेट समोर. तेवीस वर्षांत त्यांनी तिला असं कधी बघितलं नव्हतं. ती अशी दिसू शकते हेही त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी कार्डाला कात्री लावली आणि न कापताच खाली ठेवली.

"तू ब्रेक दाबला होतास," रक्तवाले म्हणाले.

"काय?"

"तू दाबला होतास. तो लागत नव्हता. लायनर संपले होते. मेकॅनिकने मला सांगितलं होतं. मी टाकले नाहीत."

खिडकीशी बसलेले नाना वळले. तिने डबा बाजूला ठेवला.

"विसरलात?"

इथे "हो" म्हणता आलं असतं. विसरणं हा काही गुन्हा नव्हता, आणि तिने ते त्यांच्या तोंडासमोर आयतं आणून धरलं होतं.

"नाही," ते म्हणाले. "मुद्दाम. ऑइल पण नाही बदललं. चेन पण. मला ती गाडी मरायला हवी होती. नवी घेता यावी म्हणून."

"कधीपासून माहीत होतं?"

"अडीच महिने."

रक्तवाल्यांना वाटलं, आता मनगटाबद्दल बोलेल, गेलेल्या कामाबद्दल बोलेल, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे मी बरोबर दाबला होता?" तिने विचारलं.

"हो."

"पाय बरोबर जागी होता माझा?"

"हो. बरोबर जागी होता."

तेव्हा ती रडली. पडल्यापासून एकदाही रडली नव्हती, ती प्लास्टरचा हात छातीशी धरून हुंदके देऊन रडली. रक्तवाले पुढे झाले तर तिने चांगल्या हाताने त्यांना मागे ढकललं. नानांनी आपली खुर्ची उचलली, फिरवली आणि मुलाकडे पाठ करून बसले.

रडून झाल्यावर तिने तोंड धुतलं आणि परत आली. "मी जिथे जिथे सांगितलंय ना माझी चूक म्हणून, तिथे तिथे तुम्ही जायचं," ती म्हणाली. "फोन नाही. स्वतः जायचं आणि मला सांगितलंत तसं सांगायचं. विसरलो म्हणायचं नाही."

शनिवारी सकाळी शोरूमच्या मुलीचा फोन आला तेव्हा रक्तवाले म्हणाले, "आज नको."

"मग पुढच्या शनिवारी, सर?"

"माहीत नाही," ते म्हणाले. गाडीची हौस मेली होती असं नाही, खोटं कशाला सांगा? पण त्या दिवशी त्यांना दुसरीकडे जायचं होतं. घरोघर जाऊन बेल वाजवायचा अठरा वर्षांचा सराव असलेल्या माणसाला शेजारणीची बेल वाजवायला पाच मिनिटं लागली. ती ऐकून एवढंच म्हणाली, "मला वाटलंच होतं," आणि दार लावून घेतलं. मेव्हणी फाडफाड बोलली. दुकानदार म्हणाला, "अहो, असतं हो असं," आणि ते सगळ्यात जास्त लागलं. सासूबाईंकडे बसने दोन तास जावं लागलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, जावयाला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "लहानपणी झाडावरून पडली तरी सांगायची, माझीच चूक. ती सवय मोडायची होती हो. तुम्ही आणखी पक्की केलीत."

मेकॅनिककडे ते सगळ्यात शेवटी गेले, कारण त्याला सांगण्यासारखं काही नव्हतंच. त्याने ऐकलं आणि पाना खाली ठेवला.

"वहिनी आल्या होत्या. माझ्या हातून झालं म्हणाल्या," तो म्हणाला. "मला माहीत होतं. मी बोललो नाही. गिऱ्हाईक आहात म्हणून." मग त्याने हातातल्या चिंधीला हात पुसले, बराच वेळ पुसले. "गाडी करून देतो. आणि सांगतो त्यांना मीच. माझी चूक माझ्या तोंडाने."

गाडी बारा दिवसांनी आली. नवे लायनर, नवा दिवा, हँडल सरळ केलेलं, चेन गुळगुळीत. तेवढे दिवस रक्तवाले निळी पेटी खांद्याला अडकवून बसने आणि पायी घरं करत होते. पंधराची अकरा झाली. घरात बोलणं कामापुरतंच उरलं होतं.

रविवारी सकाळी ती प्लास्टरचा हात सांभाळत जिना उतरून खाली आली. ती अशी येईल असं रक्तवाल्यांना वाटलं नव्हतं. ते फडक्याने टाकी पुसत होते, ते बाजूला झाले.

"डबल स्टँडवर लावा," ती म्हणाली.

त्यांनी लावली. मागचं चाक जमिनीपासून वर उचललं गेलं. उजव्या हाताने हँडल धरून ती सीटवर बसली आणि तिने उजवा पाय पायाच्या ब्रेकवर ठेवला.

"मी बघितलाय लावून," रक्तवाले म्हणाले. "चांगला लागतोय."

तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. "चाक फिरवा."

ते मागे गेले, गुडघे टेकून बसले आणि हाताने जोर लावून चाक फिरवलं. चाक गरगरलं. तिने पाय दाबला. चाक जागच्या जागी थांबलं.

तिने पाय उचलला.

"पुन्हा," ती म्हणाली.

त्यांनी फिरवलं. तिने थांबवलं. वर गॅलरीत नाना कठड्याशी येऊन उभे राहिले होते. शेजारणीची खिडकी उघडली. रक्तवाल्यांचे हात टायरच्या धुळीने काळे झाले, गुडघ्यांना खडे टोचू लागले, पण ते उठले नाहीत.

"पुन्हा."

त्यांनी पुन्हा चाक फिरवलं.